हरल्यावर फटाके

हरलं की कुणाचं तरी घर शोधायचं, ही आपल्याकडच्या प्रेक्षकाची जुनी खोड. 1971 साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंडला त्यांच्याच मैदानांवर हरवून आलेला अजित वाडेकर मुंबईचा देव झाला. 1974 ला लॉर्ड्सवर टीम 42 रनांत खलास, मालिका 3-0 नं गेली, आणि त्याच मुंबईत त्याच्या घरावर दगड. जणू सगळ्या विकेटी यानं एकट्यानंच फेकल्या. पण निदान तो दगड कॅप्टनला होता.

वंदना कटारिया कॅप्टनही नव्हती. 2021 च्या मे महिन्यात बाप वारला. ही हॉकीच्या कॅम्पात, मातीलाही जाता आलं नाही. 31 जुलै 2021 ला टोकियोत तिनं दक्षिण आफ्रिकेवर तीन गोल ठोकले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. 4 ऑगस्टला सेमीफायनलमध्ये अर्जेंटिनानं 2-1 नं हरवलं, आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादेत तिच्या दारापुढं फटाके फुटले. टीममध्ये दलित जास्त झाले म्हणून हरलो, असं ते बोंबलत होते, ही तिच्या घरच्यांची पोलिसातली तक्रार.

फटाके, मित्रांनो! देश हरल्याचं दुःख असं फुटतं होय? मग हे साले नेमके कुणाच्या बाजूनं मॅच बघत होते?

पेडगावात हे सांगत होतो, तर एका पोरानं विचारलं, बाकीच्या पोरीपण हरल्याच की, त्यांची घरं कशी नाही सापडली? आता त्याला काय सांगू? आपली वस्ती गावाला तोंडपाठ असते रे, पत्ता विचारावा लागत नाही.

6 ऑगस्टला ब्रिटनविरुद्ध वंदना पुन्हा उतरली. पुन्हा गोल मारला.