घोड्याची आंघोळ आणि आपलं ‘घरगुती’

मंडळी, ‘घरगुती’ हा शब्द ऐकला की आपण मराठी माणसं एकदम विरघळतो. घरगुती लोणचं, घरगुती मसाला, घरगुती उटणं... बरणीवर हा एवढा शब्द असला की पुढचं काही वाचायची गरजच उरत नाही. आता हाच शब्द घोड्यांच्या आंघोळीपर्यंत पोचलाय. विकतचा शाम्पू नको, त्याऐवजी लिंबू चोळा, व्हिनेगर लावा, खायचा सोडा टाका, रिठा उकळा! सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण घरगुती म्हणजे सौम्य, हे मला मुळीच पटत नाही.

साधं उदाहरण बघा. माणसाच्या त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५. किंचित आम्ल. घोड्याचा ७ च्या आसपास. म्हणजे आपल्या केसांना जे मानवतं ते त्याला मानवेलच असं नाही. खोगिराने कातडी सोलली असेल तर लिंबू काय करतं, हे बोट कापलेलं असताना ज्याने लिंबू पिळलंय त्याला सांगायला नको. आपण निदान ‘स्स्स’ तरी करतो. घोडा फार तर कातडी थरथरवतो, आणि आपण म्हणतो, “माशी बसली असेल!”

दुसऱ्या टोकाला कपड्यांचा साबण. तोही घरातलाच, शिवाय स्वस्त. पण तो चांगलाच अल्कधर्मी असतो आणि केसांवरचं तेल खरवडून नेतो. हे तेल म्हणजे घोड्याचा रेनकोट. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळा महिनोन् महिने मुक्कामाला असतो, तिथे हा रेनकोट काढून घेणं म्हणजे त्वचेच्या आजारांना आमंत्रण. सतत ओल्या राहिलेल्या त्वचेवर जिवाणू वाढतात, खपल्या धरतात आणि केसांचे पुंजके निघून येतात.

मग घोडा धुवायचा कशाने? माझं उत्तर फार निराशाजनक आहे. आधी खरारा, मग साधं पाणी!

धूळ आणि वाळलेला चिखल आंघोळीने जायच्या आधी खराऱ्याने जातो. खराऱ्यामुळे अंगातलं तेलही केसांवर सारखं पसरतं, आणि खरी चकाकी येते ती त्यानेच. राहिला घाम. दमलेल्या घोड्याच्या पट्ट्याखाली पांढरा फेस येतो तो तुम्ही पाहिला असेल. त्याच्या घामात लॅदरिन नावाचं एक प्रथिन असतं. ते जवळपास साबणासारखंच काम करतं, त्यामुळे घाम दाट केसांतून पटकन पसरतो आणि अंग गार होतं. घोडा स्वतःचा फेस स्वतःच बनवतो म्हणा ना! मागे उरतात ते क्षार, आणि ते साध्या पाण्यात विरघळतात. खोगिराखाली आणि तंगाखाली ते राहून गेले तर मात्र घासून जखमा होतात. म्हणून रोज धुवायच्या जागा त्याच. बाकी अंग रोज भिजवायची गरज नाही.

तरीही काही करून बघायचंच असेल, तर ओट जुन्या सुती मोज्यात बांधून कोमट पाण्यात भिजवावेत आणि ते दुधाळ पाणी खाजऱ्या जागी लावावं. रिठा वापरायचा तर अगदी पातळ, गाळून, डोळ्यांपासून लांब ठेवून. आणि नंतर भरपूर पाणी. आधी मानेवर वीतभर जागी लावून एक दिवस थांबावं. खपल्या किंवा चट्टे असतील तर स्वयंपाकघर बंद, सरळ जनावरांचा डॉक्टर.

आणि हो, हे पाणी वाहत कुठे जातं? रिठ्याचा फेस ज्या सॅपोनिनमुळे होतो, ते माशांना घातक असतं. म्हणजे निसर्गातून आलंय म्हणून तळ्याकाठी ओतावं, असंही नाही.

खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे, असं मला वाटतं. घोड्याला पांढराशुभ्र व्हायची हौस नसते. हौस आपली. वरातीला घोडी दुधासारखी हवी, फोटोत चमकायला हवी, मग कुणीतरी तिला कपड्यांच्या पावडरने घासतं. घासणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याचं पोट आपल्या पसंतीवर असतं. थोडी मळकट, पण पाठीवर एकही जखम नसलेली घोडी आपण आनंदाने पसंत केली, तर निम्मे साबण आपोआप सुटतील.

खराऱ्याला पैसे लागत नाहीत, हात लागतो. रोज अंगावरून हात फिरला की कुठे सूज आहे, कुठे दुखतंय, हेही कळतं. कुठल्याही बाटलीत, घरच्या किंवा बाहेरच्या, ही सोय नाही.

असो. तुमच्याकडे कुणी जनावरं सांभाळत असेल, तर त्यांचा अनुभव जरूर कळवा.