तारीख पाहून डोंगरावर

अमेरिकेतल्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी या शहराला लागूनच मिलक्रीक कॅन्यन नावाची एक अरुंद, झाडीने भरलेली दरी आहे. शहराच्या इतकी जवळ, की सुट्टीच्या दिवशी तिथे जत्राच भरते. चालणारे येतात, डोंगरी सायकली घेऊन तरुण येतात आणि कुत्री येतात, अर्थात आपापल्या मालकांना घेऊन. चालणाऱ्याला शांतता हवी, सायकलवाल्याला उतार हवा आणि कुत्र्याला मोकळीक. पायवाट मात्र तिघांना मिळून एकच.

कुत्र्यांची इथे एवढी गर्दी का, यालाही कारण आहे. जवळच्याच बिग कॉटनवुड आणि लिटल कॉटनवुड या दऱ्यांतून शहराला पिण्याचे पाणी मिळते. त्यामुळे तिथे सहलीला जाणाऱ्याला कुत्रा गाडीत बसवूनसुद्धा नेता येत नाही. साहजिकच सगळा भार मिलक्रीकवर येतो.

यावर काढलेला तोडगा पुणेकराला तरी नवा वाटू नये. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावण्याची सवय त्याला आहेच. मिलक्रीकमध्ये विषम तारखेला पायवाटांवर कुत्रा मोकळा सोडता येतो. सम तारखेला त्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याचे टोक मालकाच्या हातात हवे. दरीच्या वरच्या अंगाच्या बिग वॉटरसारख्या वाटांवर सायकलींना परवानगी फक्त सम तारखेला. म्हणजे उतारावरून सुसाट येणारी सायकल आणि तिच्यामागे धावणारा मोकळा कुत्रा यांची गाठच पडू नये. चालणाऱ्याला दोन्ही दिवस खुले. कोणता त्रास परवडतो, ते त्याने कॅलेंडर पाहून ठरवावे!

हिशेब अगदी काटेकोर नाही. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे लागोपाठ दोन दिवस विषम. वर्षाच्या 365 दिवसांत विषम तारखा 186 आणि सम 179. कुत्र्यांना सात दिवस जास्तच मिळतात. पण नियम समजायला सोपा आहे, आणि त्यात कोणालाही कायमचे हाकलून दिलेले नाही. प्रत्येकाने थोडी गैरसोय सोसायची, त्या बदल्यात प्रत्येकाला आपला दिवस मिळतो.

आपल्याकडे नेमके हेच होत नाही. पुण्याची वेताळ टेकडी घ्या किंवा तळजाई. पहाटे फिरणारे ज्येष्ठ, पळणारे, सायकलवाले, कुत्रेवाले, सगळेच तिथे असतात. वाद सुरू होतो तो 'टेकडी कोणाची' या प्रश्नापासून. मग एक तर 'सक्त मनाई'चा फलक लागतो, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याची टेकडी होते.

मिलक्रीकचा नियम जसाच्या तसा इथे आणता येणार नाही, हेही खरे. भटक्या कुत्र्यांना तारीख कळत नाही. आणि ज्या देशात रेबीजने आजही माणसे मरतात, तिथे कुत्रा अंगावर धावून आल्यावर आजोबा दचकले, तर 'अहो, तो काही करत नाही' हे उत्तर पुरत नाही. भीती खरी आहे, तिचा मान राखलाच पाहिजे.

पण नियमामागचे तत्त्व घेण्यासारखे आहे. जागा वाढवता येत नसेल, तर वेळ वाटून घ्यावी. पहाटेचे दोन तास फक्त चालणाऱ्यांचे, त्यानंतर सायकली, कुत्र्यांसाठी ठरलेल्या वेळा आणि एरवी पट्टा सक्तीचा. हे ठरवायला ना मोठा निधी लागतो, ना तज्ज्ञांची समिती. टेकडीवर रोज भेटणाऱ्यांनी एकदा एकत्र बसायला मात्र हवे.

नुसत्या समजूतदारपणावर विसंबून गर्दीची जागा चालत नाही. समजूतदार माणसालासुद्धा, आज आपली पाळी नाही, हे सांगणारा एक साधा फलक लागतो.