जुळवून घ्यायचं कुणी?

लग्न ठरवताना पत्रिका बघतात. त्यात छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी मंडळी पेढे वाटायला मोकळी होतात. आमचे तर म्हणे अठ्ठावीस जुळले होते. (उरलेले आठ कोणते, ते मला पुढच्या चाळीस वर्षांत हप्त्याहप्त्यानं कळलं.) सांगायचा मुद्दा, जुळवून घेणं या विषयात मी काही अगदीच नवशिका नाही. तरीही डीटीपीवाल्या पोरानं "काका, कम्पॅटिबिलिटीचा प्रॉब्लेम आहे" असं सांगितलं तेव्हा मी हबकलो. दोन माणसांचं पटत नाही हे समजू शकतं. पण फायलीचं आणि संगणकाचं?

त्याचं असं झालं. कल्याणातली आमची सोसायटी १९७४ सालची. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढायचं ठरलं, आणि सभेला उशिरा पोचणाऱ्याला जे पद मिळतं ते, म्हणजे संपादकपद, मला मिळालं. १९९९च्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा एक लेख होता. काकू सोसायटीच्या पहिल्या खजिनदार. विटा कितीला पडल्या, पाणी कुठून आणलं, वास्तुशांतीला कोण कुणावर रुसलं, सगळं त्यात नोंदलेलं. काकू आता नाहीत. शिल्लक प्रती तळमजल्यावरच्या ऑफिसात होत्या आणि २६ जुलै २००५ला त्या ऑफिसाचं तळं झालं. घरोघरच्या प्रती रद्दीत गेल्या. (माझीही. हा विषय आमच्या घरात निघत नाही.) उरली एक सीडी. काकूंच्या लेकीचा परदेशातून तीनदा फोन आला, "आईचा लेख घेणार ना हो?" मी म्हटलं, "सीडी आहे की! काळजी कसली?"

सीडीतली फाईल निघाली पेजमेकरची. पेजमेकर १९८५ साली आलं आणि पुढे कित्येक वर्षं आपल्याकडच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि 'यांना प्रचंड मतांनी विजयी करा' ही हस्तपत्रकं त्यानंच वाहिली. २००१ साली सातवी आवृत्ती निघाली, २००४ साली पुढचं काम थांबलं. त्याच्या गादीवर आलेल्या इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडत असत. २०१३पासूनच्या आवृत्त्या ओळखसुद्धा दाखवत नाहीत. खुर्ची मिळाल्यावर जुन्या कार्यकर्त्यांना विसरण्याची पद्धत आहे, तशातलाच प्रकार.

पोरानं कुठूनशी एक जुनी आवृत्ती शोधून फाईल उघडली. काकूंच्या नावाच्या जागी काय होतं? एक इंग्रजी एफ, एक उद्गारचिन्ह, एक पौंडाचं चिन्ह आणि डोक्यावर दोन टिंबं घेतलेला ओ. आयुष्यभर पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईच्या नावात पौंड!

"फॉन्ट नाही ना काका," पोरगा म्हणाला. तेव्हा मला प्रथमच कळलं, की त्या काळी आपण जे मराठी म्हणून टाइप करत होतो ते संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या दोनशे छप्पन्न घरांत आपले क-ख-ग पोटभाडेकरू म्हणून राहत होते. त्यातही प्रत्येक फॉन्टवाल्यानं आपला भाडेकरू वेगळ्या खोलीत ठेवलेला. एकाचा 'क' जिथं, तिथं दुसऱ्याचा अर्धा 'ष'. यात चूक साहेबाची नाही, आपलीच आहे हे मान्य करतो. देवनागरीला स्वतःचं घर देणारा युनिकोड १९९१ सालीच आला होता. आपण बिऱ्हाड हलवायला पुढे कित्येक वर्षं लावली.

शेवटी ठाण्याच्या एका प्रेसमध्ये तो फॉन्ट आजोबांच्या पगडीसारखा जपून ठेवलेला सापडला. काकू पडद्यावर दिसल्या. पण नव्या स्मरणिकेत घ्यायचं तर मजकूर युनिकोडमध्ये हवा. तोही केला. नव्या पानावर ओतला. आणि पुन्हा गोंधळ! काकूंच्या 'किती'तली ऱ्हस्व वेलांटी 'क'ला सोडून 'त'च्या गळ्यात पडलेली. जोडाक्षरांचे काडीमोड झालेले आणि जागोजागी पाय मोडलेली अक्षरं लंगडत चाललेली.

"प्रेफरन्सेस बघायला विसरलो," पोरगा ओशाळून म्हणाला.

इथं मात्र माझं डोकं फिरलं. पोरावर नव्हे, त्या शब्दावर. प्रेफरन्सेस म्हणजे आवडीनिवडी. वांग्याची भाजी ही आवडनिवड. पंखा दोनवर की तीनवर, ही आवडनिवड. (आणि त्या उरलेल्या आठ गुणांपैकी एक.) पण वेलांटी आपल्या अक्षराला धरून राहावी, ही माझी आवड आहे होय? ते मराठी आहे! इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये 'ॲडव्हान्स्ड टाइप' नावाच्या खणात परिच्छेद कसा जुळवायचा याचे पर्याय असतात. त्यातल्या एकाचं नाव 'वर्ल्ड-रेडी'. तो निवडला, की देवनागरी नीट बसते. पाश्चात्त्य लिप्यांसाठीचा नेहमीचा निवडलेला राहिला, की वरच्यासारखी दशा. म्हणजे 'जगासाठी सज्ज' व्हायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या खुशीचा मामला. मग एरवी ते कशासाठी सज्ज असतं म्हणायचं?

बरं, हे सांगायचीही वेळ पाहावी लागते. एकही फाईल उघडी नसताना पसंती बदलली, तर ती पुढच्या सगळ्या नव्या फायलींना लागू. फाईल उघडी असताना बदलली, तर अशा बऱ्याच पसंत्या त्या एका फायलीपुरत्याच. म्हणजे दुकान बंद असताना मालकाला जे सांगाल ते कायमचं, आणि गिऱ्हाईक म्हणून समोर उभं राहून सांगाल ते तेवढ्यापुरतं. शिवाय भाषा 'मराठी' निवडावी लागते ती वेगळीच. त्याशिवाय काही फॉन्टांमधले 'ल' आणि 'श' आपलं वळण सोडून हिंदीच्या वळणावर जातात.

कुणी म्हणेल, पाच मिनिटांचं काम, त्यात एवढं काय? अहो, पाच मिनिटांचं काम ज्याला ठाऊक आहे त्याला. ज्याला ठाऊक नाही त्याचा अंक तसाच छापून येतो, आणि वाचणारा म्हणतो, "मराठी कम्प्युटरवर नीट येतच नाही." दोष मराठीला!

खिळ्यांच्या छापखान्यात या कामाला अक्षरजुळणी म्हणत. जुळवायचं काम छापखान्याचं, हे नावातच होतं. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची शर्यत. तरी शाईनं काळ्या झालेल्या बोटांचा कंपोझिटर ते उलट्या खिळ्यांत बिनतक्रार जुळवायचा. "साहेब, वेलांटी घालायची तुमची पसंती आहे काय?" असं त्यानं कधी विचारलं नाही. आणि आता? काकूंची फाईल पंचवीस वर्षं जागची हललेली नाही. बदललं सॉफ्टवेअर. मग जुळवून घ्यायचं तिनं? घरात नवा आलेला माणूस म्हाताऱ्यांना "तुम्ही माझ्याशी कम्पॅटिबल व्हा" म्हणू लागला, तर आपण त्याला काय म्हणतो ते इथं छापता येणार नाही.

असो. पसंत्या दिल्या, मजकूर सरळ झाला, प्रूफ अध्यक्षांकडे गेलं. रात्री साडेदहाला अध्यक्ष दारात. "वास्तुशांतीला आचार्यांना पंचाहत्तर रुपये दिले, असं लिहिलंय. हे कुठले आचार्य? सोसायटी धर्मनिरपेक्ष आहे." मी ठाण्याहून आणलेली जुनी छापील पानं काढली. काकूंनी पैसे आचाऱ्यांना दिले होते, जिलब्या तळणाऱ्या. फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमनं 'ऱ्या'तली आडवी रेघ उचलून रफार करून वर बसवली होती. मग भिंग घेऊन बसलो. दुसर्‍या, तिसर्‍या, पायर्‍या, एकूण एक्केचाळीस ठिकाणी तो रफार खाली उतरवला. काकू असत्या तर त्यांनी चाळीस मोजले म्हणून मला पुन्हा बसवलं असतं.

"आता सेव्ह कशात करू काका?" पोरानं विचारलं. मी म्हटलं, साधा युनिकोड मजकूर एक, फॉन्ट आत घातलेली पीडीएफ एक, आणि कागदावरच्या वीस प्रती जास्त काढ. त्यांपैकी एकही तळमजल्यावर ठेवायची नाही.