मशीनची सर्व्हिसिंग वेळेवर, आणि मालकाची?



गिरणीचा पट्टा घासला की तुम्ही तो तुटायची वाट बघता का? नाही. टेम्पोचं ऑइल वेळेवर बदलता, फ्रीझर बिघडायच्या आधीच मेकॅनिकला बोलावता. मग सांगा, स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलंत?

माझं स्पष्ट मत आहे: छोट्या धंद्यात मालकाची तब्येत हा खासगी विषय नाही, तो धंद्याचाच विषय आहे. नोकरदाराला आजारपणाची रजा असते. ईएसआय लागू असेल तर महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला तेही संरक्षण मिळतं. तुम्ही मालक, तुम्हाला यातलं काहीच नाही.

साधा हिशोब करू. समजा रोज 1,500 रुपये सुटतात आणि टायफॉइडमुळे दुकान 12 दिवस बंद राहिलं. 18,000 तिथेच गेले. भाडं, पोऱ्याचा पगार, कर्जाचा हप्ता चालूच. आणि शेजारच्या दुकानाची सवय लागलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची माहिती जरूर घ्या. पण ती ठरावीक उपचारांचा खर्च उचलते, बंद शटरचा नाही.

मग काय करायचं?

1. दर महिन्याच्या खर्चात "मालक मेंटेनन्स" असं एक खातं लिहा. भाड्यासारखंच ते आधी बाजूला काढा, उरलं तर नाही.

2. वर्षातून एकदा तरी बीपी आणि शुगर तपासा. दोन्ही वाढले तरी बऱ्याचदा काही जाणवत नाही, म्हणून "मला काय होतंय" हा पुरावा नाही. बीपी 140/90 च्या वर पुन्हा पुन्हा येत असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

3. आरोग्य विमा तब्येत ठणठणीत असतानाच घ्या. आधीच असलेल्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. फॉर्ममध्ये आजार लपवू नका, नाहीतर क्लेम अडकतो. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

4. चार दिवस दुकान सांभाळेल असा एक माणूस तयार करा. भाव, उधारी, सप्लायरचे नंबर एका वहीत लिहून ठेवा.

"सर, वेळच मिळत नाही" हे उत्तर मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगते. म्हणजे रोज साधारण 22 मिनिटं. तेवढी आपली मोबाईलवर सहज जातात, हो की नाही?

आजार कुणालाही होऊ शकतो, त्यात कुणाचा दोष नसतो. पण तपासणी पुढे ढकलणं हा आपला निर्णय असतो, आणि त्याचं बिल घरच्यांनाही भरावं लागतं.

आज गल्ला मोजून झाला की त्याच वहीत तपासणीची तारीख लिहा. लिहिलीत की कमेंटमध्ये फक्त "तारीख ठरली" एवढंच टाका. भेटू पुढच्या व्हिडिओत!