बेटावरची वीज, पाणी आणि एकुलती एक तार

टोंगा हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. पॅसिफिक महासागरात, न्यूझीलंडच्या उत्तरेला हा छोटासा देश आहे. बेटे १७० च्या आसपास, पण माणसे राहतात ती ३६ बेटांवर, आणि सगळी वस्ती मिळून सुमारे एक लाख. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात याहून जास्त माणसे असतात. एवढ्याशा लोकांना वीज, पाणी, टेलिफोन पुरवायचा आणि शिवाय वादळ, भूकंप, ज्वालामुखी यांना तोंड द्यायचे, हा संसार ते कसा चालवतात हे आमच्या घराघरांत कळले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१५ जानेवारी २०२२ रोजी राजधानी नुकुआलोफापासून ६५ किलोमीटरवर समुद्रातला ज्वालामुखी फुटला. राख आभाळात ५० किलोमीटरच्याही वर गेली आणि समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर चढून आल्या. मांगो नावाच्या छोट्या बेटावर एकही घर उभे राहिले नाही. एवढ्या मोठ्या स्फोटाच्या मानाने माणसे फार थोडी दगावली; पण जी वाचली त्यांच्यापुढे दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न होता तो पाण्याचा.

तिथे नद्या जवळपास नाहीतच. मुख्य बेट सपाट, पोवळ्याच्या दगडाचे. पावसाचे पाणी त्या दगडातून झिरपते आणि खाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. विहिरींतून तेच उपसतात. जास्त उपसले की खारे पाणी वर येते. म्हणून प्यायला बहुतेक घरे पावसाचे पाणी धरतात. पत्र्यावरून पन्हळीत, पन्हळीतून टाकीत. व्यवस्था साधी, बायकांच्या हातची, बिल येत नाही. पण त्या दिवशी पत्र्यावर राख पडली आणि हेच पाणी प्यावे की न प्यावे, असा पेच पडला. आपली टाकी दारात असून तिला हात लावायची भीती, हे दुःख नळाच्या रांगेत उभे राहणाऱ्यालाच चांगले समजेल.

यावरचा उपाय महाग नाही. राख पडायच्या आधी पन्हळ टाकीपासून सोडवून ठेवायची, पत्रा धुऊन घ्यायचा, आणि पहिल्या सरीचे पाणी टाकीत न जाता बाहेर जाईल अशी एक नळी बसवायची. मग टाकीत आधी साठलेले पाणी वाचते. ज्या घरी हे माहीत असते ते घर सरकारी मदतीची वाट पाहत बसत नाही. मदत यायलाही वेळ लागलाच. विमानतळाच्या धावपट्टीवर राखेचा थर होता. लोकांनी फावडी आणि ढकलगाड्या घेऊन तो काढला, तेव्हा कुठे २० जानेवारीला पहिली विमाने उतरली. न्यूझीलंडचे आरमारी जहाज २१ तारखेला अडीच लाख लिटर पाणी घेऊन आले. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्रही त्या जहाजावर होते.

विजेची गोष्ट मात्र आम्हाला आशादायक वाटली. त्यासाठी चार वर्षे मागे जावे लागेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये गीता नावाचे चक्रीवादळ टोंगावर आले. शंभर वर्षांहून जुने संसदभवन त्यात भुईसपाट झाले. पण त्याआधीच काही गावांत न्यूझीलंडच्या पैशाने विजेच्या जुन्या उघड्या तारा काढून त्या जागी वेष्टनाच्या, एकत्र पिळलेल्या तारा टाकल्या होत्या. उघड्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आपटतात, ठिणग्या उडतात, झाडाची फांदी पडली की तुटून रस्त्यावर पडतात आणि तिथून जाणाऱ्याच्या जिवावर बेततात. पिळलेली तार खांब वाकला तरी लोंबत राहते, पण सहसा तुटत नाही. वादळानंतर मोजणी झाली तेव्हा जुन्या जाळ्याचा जवळपास निम्मा भाग मोडला होता. नव्या जाळ्याचे नुकसान ५ टक्क्यांच्या आसपास होते. वादळ एकच, फरक तारेचा. पैसा आधी घातला म्हणून नंतरचा वाचला. पण मोडल्यावर मदत देणारे पुष्कळ, मोडू नये म्हणून देणारे थोडे, हा जगाचा रिवाज आहे.

आता त्या एकुलत्या एका तारेविषयी. टोंगाचा परदेशाशी बोलण्याचा तेव्हाचा रस्ता म्हणजे समुद्राच्या तळावरून फिजी बेटांपर्यंत गेलेली ८२७ किलोमीटर लांबीची तार. ती २०१३ पासून चालू आहे. जानेवारी २०१९ मध्ये ती एकदा तुटली होती आणि सुमारे दोन आठवडे देश मुका झाला होता. तेव्हाच दुसरा रस्ता हवा, हे उघड झाले होते. २०२२ मध्ये समुद्रतळावरच्या गाळाच्या लोंढ्याने ती पुन्हा अनेक ठिकाणी तुटली, पुरली गेली. टोंगाचे हजारो लोक ऑकलंड, सिडनीकडे मजुरीला आहेत. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसा हेच लोक घरी पाठवतात. गावाकडे मनीऑर्डर पाठवून ज्यांनी घरे चालवली, त्या आमच्या गिरणीतल्या आणि गोदीतल्या वडीलधाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. परदेशातल्या मुलाला आई जिवंत आहे की नाही हे कित्येक दिवस कळले नाही, आणि आईला पैसे पोचायचा मार्ग बंद. उपग्रहावरून थोडी सोय झाली, पण ती अपुरी.

तार जोडणारे जहाज पापुआ न्यू गिनीहून आणावे लागले. २२ फेब्रुवारीला, म्हणजे ३८ दिवसांनी, मुख्य बेटाची तार जोडली गेली आणि बातमी जगभर छापून आली. पण व्हावाऊ आणि हापाई या दूरच्या बेटांकडे जाणारी देशांतर्गत तारही त्याच दिवशी तुटली होती. तेवढ्या लांबीची जादा तार शिलकीत नव्हती, नवी बनवून घ्यावी लागली. तिथल्या लोकांना दीड वर्षाच्या आसपास, २०२३ सालापर्यंत थांबावे लागले.