डॉक्टरला 'योद्धा' म्हणू नका!

लढाई म्हटली की आम्हा उदगीरकरांची छाती जरा फुगतेच. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथंच नमवलं, हे पोराटोरांनाही माहीत असतं. त्यामुळे असेल कदाचित, पण 'कोरोना योद्धा' हा शब्द आपण फार हौसेनं उचलला. २२ मार्च २०२० ला थाळ्या बडवल्या. ३ मे ला हवाई दलानं दवाखान्यांवर फुलं उधळली, तेव्हा ऊर भरून आला. मला विचाराल तर तो शब्दच चुकीचा होता.

योद्धा म्हणजे कोण? जो मारतो आणि ज्याला मारणं लढाईत चालतं, तो. डॉक्टर, नर्स याच्या नेमके उलट! १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा करारापासून युद्धाचा कायदा हेच सांगतोय की जखमींवर उपचार करणारा कुठल्याच बाजूचा लढवय्या नाही, त्याच्यावर हत्यार उचलायचं नाही. पाळतं कोण, हा प्रश्न आहेच. २०१५ मध्ये अफगाणिस्तानात कुंदूझच्या दवाखान्यावर अमेरिकी विमानानं हल्ला केला, ४२ माणसं गेली. २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेनं दवाखान्यांना हात लावू नका असा ठराव केला. निदान महामारीत तरी तो पाळावा? १२ मे २०२० ला काबूलच्या एका प्रसूतिगृहात बंदूकवाले शिरले आणि त्यांनी बाळंतिणींना गोळ्या घातल्या.

"ते तिकडचं झालं, आपल्याकडे कुठं युद्ध आहे?" असं म्हणाल. मग लातूरचं ऐका. जुलै २०२० मध्ये कोरोनाचा रुग्ण दगावला म्हणून नातेवाइकानं एका खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरवर चाकूनं वार केले. थाळ्या वाजवून चारच महिने झाले होते! बरं, कायदा नव्हता असंही नाही. राज्याचा कायदा २०१० पासून आहे. केंद्रानंही एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम काढून साथीच्या काळातल्या गंभीर मारहाणीला ७ वर्षांपर्यंत कैद ठेवली. तरी चाकू निघालाच.

का? एकदा योद्धा म्हटलं की त्यानं जिंकलंच पाहिजे. हरला की गद्दार, नाहीतर लुटारू. रुग्ण वाचला तर देव पावला, गेला तर डॉक्टरनं मारला! बिलात घोळ असतो, हलगर्जीपणाही होतो, नाकारत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे, वैद्यकीय परिषद आहे. चाकूनं बिल कमी होत नाही.

उलट नुकसान आपलंच होतं. मार खाण्याची भीती बसलेला डॉक्टर गंभीर पेशंटला हात लावत नाही, "पुढं न्या" म्हणतो. उदगीरहून पुढं म्हणजे लातूर, साठ-पासष्ट किलोमीटर. लातूरनंही तेच म्हटलं तर सोलापूर नाहीतर हैदराबाद. तेवढ्या वाटेत माणूस टिकतो का, तुम्हीच सांगा.

पुढची साथ कधीतरी येणारच. तेव्हा फुलं नकोत, थाळ्याही नकोत. वॉर्डाच्या दारात पन्नास माणसांची गर्दी न करता घरातला एकच शहाणा माणूस डॉक्टरशी बोलायला पुढं करा, आणि कुणाचा हात उठला तर तो आपल्यातल्याच कुणीतरी धरा. बास, एवढंच.