मोठ्या आसाचे जाळे आणि घाटाचा पाऊस



‘येत्या पन्नास वर्षांत जिल्ह्याचा पाऊस इतका वाढेल’ असे अंदाज आता गावापर्यंत येतात. पण तेवढ्यावरून शेताच्या मोरीचा आकार ठरवू नका. का, ते पाहा.

मालवणपासून आंबोली सरळ रेषेत ६० किलोमीटरसुद्धा नाही. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मालवणात त्याच्या निम्माही नाही. समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीच्या कड्याला अडतो, वर चढून थंड होतो आणि तिथेच रिता होतो.

हवामानाचा हिशेब करताना संगणक पृथ्वीचे चौकोन पाडतो. दूरच्या काळाचे भाकीत करताना असा चौकोन बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे मालवणची पुळण, आंबोलीचा कडा आणि घाटावरचे पठार, सारे एकाच चौकोनात! कड्याचा नुसता उतार होतो. त्यातल्या दहा किलोमीटर लांब-रुंद भागात दिवसभरात ३०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि बाकी सारे कोरडे राहिले, तर चौकोनाची सरासरी येते अवघी ३ मिलिमीटर. कागदावर भुरभुर, व्हाळाला मात्र पूर! जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठे असले की मासळी निसटते, तसेच हे.

२६ जुलै २००५ ला मुंबईत हेच दिसले. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, तर त्याच शहरात कुलाब्याला ७४.

आता जाळे बारीक होत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आधी तो १२ चा होता. पण ती येत्या काही दिवसांचा अंदाज देते. चौकोनाची बाजू निम्मी केली की संगणकाचे काम सुमारे आठपट होते. म्हणून पन्नास वर्षांचा हिशेब अजून बहुधा मोठ्या चौकोनांनीच होतो. शिवाय बारीक चौकोनाचा अंदाजही जागा आणि वेळ चुकू शकतो.

तेव्हा एवढे करा. भात कापणीआधी रोजचा अंदाज जरूर ऐका. पण मोरी, बांध किंवा विहिरीचा कठडा बांधताना जिल्ह्याची सरासरी धरू नका. आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकावरची सर्वांत मोठ्या दिवसाची नोंद विचारा. व्हाळाचे पाणी कुठवर चढले होते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. घाटाच्या पायथ्याशी शेत असेल, तर त्याहून थोडी जास्तच वाट पाण्याला ठेवा.